दिवाळखोरीचा कायदा दिल्लीचा, पण कर्जं कुणाकुणाची?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"लेथ मशीनवर जॉबवर्क करणारं माझं वर्कशॉप होतं, प्रोप्रायटरशिप. ते बंद पडलं. त्याआधी मेहुण्यांच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या बँक कर्जाला मी वैयक्तिक जामीन राहिलो होतो. कंपनीची नोंदणी सुरतची. तिच्यावर एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, कारवाई सुरू झाली आणि आता बँकेची नोटीस मला आली आहे. शिवाय इथल्या पतसंस्थेचं मशीनवरचं कर्ज, दोन क्रेडिट कार्डं, जीएसटीची थकबाकी आणि एका खासगी सावकाराचे पैसे. सावकाराकडे माझे सही केलेले कोरे चेक आहेत. मेहुण्यांचे वकील म्हणतात, केंद्राच्या नव्या कायद्यात सगळं माफ होतं. पतसंस्थेचे व्यवस्थापक म्हणतात, आमचं सहकार खातं, तो कायदा आम्हाला लागत नाही. एक मित्र म्हणतो, दुसऱ्या राज्यात जाऊन दिवाळखोरी घे, तिकडे सोपं आहे. नक्की कायदा कुणाचा? राहतं घर पत्नीच्या नावावर करून टाकू का? मुलीच्या पुढच्या आयुष्यात हे आडवं येईल का?"
एक वाचक, मुंबईबाहेरून

नमस्कार,

बाकी सगळं नंतर वाचा, आधी ती नोटीस हातात घ्या आणि तिच्या वरच्या दोन ओळी बघा. २०१६ च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेखालची (वकील म्हणतात तो केंद्राचा नवा कायदा हाच), फॉर्म बी मधली मागणी नोटीस असेल तर पैसे भरायला तुम्हाला १४ दिवस आहेत. त्यानंतर बँक तुमच्याविरुद्ध थेट एनसीएलटीत अर्ज करू शकते. तुमची एखादी मालमत्ता त्या कर्जाला तारण असेल आणि नोटीस सरफेसी कायद्याच्या (तारण मालमत्तेवरून बँकेने वसुली करायचा कायदा) कलम १३(२) ची असेल, तर मुदत ६० दिवसांची. त्या काळात लेखी हरकत घ्या, कारण बँकेला त्या हरकतीला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. दोन्ही नोटिसा दिसायला सारख्याच भीतीदायक असतात, पण त्यांचे रस्ते आणि कोर्टं वेगळी आहेत. कुठलीही असली तरी न उघडता कपाटात ठेवू नका.

आता कायदा कुणाचा, या तुमच्या प्रश्नाकडे येतो. मेहुण्यांचे वकील आणि पतसंस्थेचे व्यवस्थापक दोघांच्याही बोलण्यात अर्धं अर्धं खरं आहे. मित्राचं मात्र चुकीचं आहे.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या तीन याद्या आहेत. 'दिवाळखोरी आणि नादारी' हा विषय समवर्ती सूचीत नवव्या क्रमांकावर आहे, म्हणजे संसद आणि विधानसभा दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. दोन कायद्यांची टक्कर झाली तर अनुच्छेद २५४ प्रमाणे संसदेचा कायदा टिकतो. राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळालेली असेल तर तो त्या राज्यात वाचू शकतो, पण संसदेने नंतर वेगळा कायदा केला तर तेही कवच उरत नाही. मात्र तुमचा सावकार, तुमची पतसंस्था आणि शेतकऱ्याच्या कर्जाला दिलासा हे विषय राज्य सूचीतले. म्हणजे दिवाळखोरी हाताळणारा कायदा देशभर एक असला, तरी ज्या कर्जांमुळे ती वेळ येते त्यांतली निम्मी राज्याच्या कायद्यांखाली जन्माला येतात. सगळी गुंतागुंत इथेच आहे.

ही टक्कर प्रत्यक्षात कशी होते ते आपल्याच राज्यातल्या दोन खटल्यांत बघायला मिळतं. महाराष्ट्रात १९५८ चा एक कायदा आहे. राज्य सरकारने एखाद्या कारखान्याला 'दिलासा उपक्रम' घोषित केलं की त्याची देणी आणि त्यांवरचे दावे तेवढ्या काळापुरते थांबतात. कामगारांचा रोजगार टिकावा हा त्यामागचा हेतू. पुण्याच्या एका कंपनीला असा दिलासा मिळालेला होता. बँकेने तिच्याविरुद्ध २०१६ च्या संहितेखाली अर्ज केला, तेव्हा कंपनी म्हणाली, राज्याच्या आदेशाने आमची देणी स्थगित आहेत, मग थकबाकी आलीच कुठून? ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोन्ही कायदे एकाच मैदानात एकमेकांविरुद्ध जातात आणि राज्याचा कायदा तेवढ्यापुरता बाजूला सरतो. राज्याच्या कायद्याची स्थगिती चालू ठेवली, तर केंद्राच्या कायद्यातली स्थगिती आणि दिवाळखोरीची पुढची सगळी प्रक्रिया सुरूच होऊ शकणार नाही, असा तो तर्क होता.

दुसरा खटला उलट दिशेचा. अंधेरीच्या मरोळमध्ये सेव्हन हिल्स रुग्णालय आहे, आणि त्याखालची जमीन मुंबई महापालिकेची. रुग्णालय चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली, नव्या गुंतवणूकदाराची योजना न्यायाधिकरणाने मंजूरही केली, आणि पालिकेने हरकत घेतली की आमच्या जमिनीबद्दल आमच्या मंजुरीशिवाय कसं ठरवता? १५ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पालिकेची बाजू घेतली. महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याप्रमाणे तिच्या मालमत्तेचा व्यवहार तिच्या मंजुरीनेच व्हायला हवा, आणि संहितेचं 'इतर कायद्यांवर मात' करणारं कलम २३८ ती मंजुरी गिळू शकत नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की रेघ कुठे आहे ते कळतं. देणेकऱ्याची देणी आणि त्यांची वसुली हा दिवाळखोरी कायद्याचा प्रांत, तिथे केंद्राची संहिता वरचढ. पण जी वस्तू मुळात देणेकऱ्याची नाहीच, किंवा जो निर्णय सरकारने सार्वजनिक अधिकारात घ्यायचा आहे, तो या कायद्याने त्याच्या हातातून काढून घेता येत नाही.

हे तुमच्या कर्जांना लावून बघू.

तुमची जामीनकी ही तुमची सगळ्यात मोठी डोकेदुखी आहे, आणि तीच तुम्हाला या संहितेचं दार उघडून देते. नीट समजून घ्या, कारण बरेच वकीलही इथे घाईत बोलतात. संहितेचा तिसरा भाग व्यक्तींसाठी आणि भागीदारी संस्थांसाठी लिहिलेला आहे, पण १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू केला गेला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही निवड वैध ठरवली. कंपनीची पुनर्रचना योजना मंजूर झाली म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही, हेही त्याच निकालात आहे. तेव्हा "कंपनीचं मिटलं की तुमचंही मिटेल" असं मेहुणे म्हणत असतील, तर त्यावर विसंबू नका.

तुमचं प्रकरण चालेल ते कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाप्रमाणे. सुरत, म्हणून एनसीएलटीचं अहमदाबाद खंडपीठ. तुम्ही महाराष्ट्रात राहता याने फरक पडत नाही. न्यायाधिकरण केंद्राचं आहे. त्यामुळे राज्याची हद्द ओलांडून जावं लागलं तरी कायदा तोच आहे. बँक कलम ९५ खाली अर्ज करू शकते, तुम्ही स्वतः कलम ९४ खाली करू शकता. अर्ज दाखल झाल्या क्षणापासून अंतरिम स्थगिती लागते, म्हणजे वसुलीच्या कारवाया तात्पुरत्या थांबतात, आणि ती तुमच्या सगळ्या कर्जांना लागते, फक्त जामीनकीच्या कर्जाला नाही. पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचं अर्धसत्य इथे उघडं पडतं. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली चालते. कलम १०१ चा वसुली दाखला निबंधक देतात आणि वसुली अधिकारी जप्ती करतात, हे सगळं राज्याचं. पण १९५८ च्या कायद्याबाबत न्यायालयाने लावलेला तर्क इथे लावला, तर तुमचा अर्ज दाखल असताना ती वसुलीही थांबायला हवी, असं माझं मत आहे. वकिलामार्फत त्या अर्जाची प्रत पतसंस्थेला आणि उपनिबंधकांना लगेच द्या.

पुढचा प्रवास असा. न्यायाधिकरण एक तज्ज्ञ व्यावसायिक नेमतं, त्याला सगळे 'आरपी' (रिझोल्यूशन प्रोफेशनल) म्हणतात. तो तुमची कागदपत्रं तपासून अर्ज घ्यावा की नाही याचा अहवाल देतो. अर्ज दाखल करून घेतला की १८० दिवसांची पूर्ण स्थगिती लागते. त्या काळात तुम्ही परतफेडीची योजना मांडायची: किती, किती काळात, कुठल्या उत्पन्नातून. कर्जाच्या मूल्याने मोजून तीन चतुर्थांशाहून जास्त धनको, म्हणजे कर्ज देणारे, हो म्हणाले, तर योजना पुढे जाते. ती फसली, तर दिवाळखोरीचा आदेश मागता येतो, मालमत्ता विश्वस्ताकडे जाते, आणि साधारण एका वर्षानंतर उरलेल्या देण्यांतून मुक्ती मिळू शकते. सगळ्याच देण्यांतून मात्र नाही. न्यायालयाने केलेला दंड, पोटगी, शैक्षणिक कर्ज, फसवणुकीतून आलेलं देणं ही राहतात. "सगळं माफ होतं" यातलं खरं एवढंच. आणि अर्ज फक्त मालमत्तेचा ताबा देणं लांबवण्यासाठी केला आहे असं दिसलं, तर तुमची विश्वासार्हता पहिल्याच दिवशी जाते.

आता ज्याने कुणाच्या कंपनीला जामीन दिलेला नाही, अशा तुमच्या शेजारच्या दुकानदाराचा विचार करा. त्याला हे दार नाही. त्याच्यासाठी इंग्रजांच्या काळातले दोन कायदे अजून चालू आहेत: मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा, आणि बाकी सगळीकडे १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. संहितेने ते रद्द करायची तरतूद केली, पण ते कलम अमलात आणलं नाही. १९२० चा कायदा आज वाचताना मला संताप येतो. नादार होण्यासाठी कर्ज पाचशे रुपयांचं असावं लागतं. नोकराच्या थकलेल्या पगाराला प्राधान्य आहे ते मूळ कायद्यात वीस रुपयांपर्यंत. मालमत्ता रुपयाला आठ आणे इतकीही भरत नसेल, तर न्यायालयाला पूर्ण मुक्ती नाकारावी लागते, ते टाळायचं तर हा तोटा माझ्या हाताबाहेरच्या कारणांनी झाला हे त्या माणसाने सिद्ध करायचं. आधीच्या तीन वर्षांच्या हिशेबाच्या वह्या नसतील तरीही तेच. आणि मुक्ती आपोआप मिळत नाही. न्यायालयाने दिलेल्या मुदतीत वेगळा अर्ज करावा लागतो. तो विसरला तर नादारीचा आदेशच रद्द होतो आणि धनको पुन्हा दारात येतात. संहितेत तुटपुंजं उत्पन्न आणि छोटी कर्जं असलेल्यांसाठी 'नवी सुरुवात' नावाची सोपी प्रक्रिया लिहून ठेवली आहे, वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत आणि कर्ज ३५,००० रुपयांपर्यंत असलेल्यांसाठी. ती कागदावरच राहिली. मोठ्या कंपन्यांसाठी आठवड्यांत नियम निघतात आणि रस्त्यावर हातगाडी लावणाऱ्यासाठी वर्षानुवर्षं अधिसूचना निघत नाही, हे मला मुळीच पटत नाही.

जीएसटीच्या बाबतीत हाच फरक आकड्यांशिवायही दिसतो. कंपनी अवसायनात गेली, म्हणजे मोडीत काढली गेली, तर केंद्र आणि राज्य सरकारची देणी रांगेत विनातारण वित्तीय धनकोंच्याही मागे उभी राहतात. तुमच्यासारख्या जामीनदाराच्या दिवाळखोरीत सरकारची आधीच्या दोन वर्षांची देणी विनातारण धनकोंच्या पुढे येतात. आणि १९२० च्या कायद्यात सरकारची आणि स्थानिक संस्थेची देणी सगळ्यात आधी, शिवाय मुक्ती मिळाली तरी सरकारचं देणं सुटत नाही. गुजरातच्या विक्रीकर खात्याला तिथल्या कायद्यातल्या 'प्रथम बोजा' (मालमत्तेवर पहिला हक्क) या तरतुदीमुळे तारणधारक धनकोचा दर्जा देणारा निकाल २०२२ मध्ये आला, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या निकालाने त्याची व्याप्ती त्या प्रकरणापुरती मर्यादित केली. म्हणून करसल्लागाराला सांगून थकबाकीची मुद्दल, व्याज आणि दंड अशी वेगळी फोड करून घ्या. योजनेत ती तशीच मांडावी लागेल.

सावकाराचं प्रकरण पूर्ण राज्याचं आहे, आणि इथे राज्याचा कायदा तुमच्या बाजूने आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि परवाना नसलेल्या सावकाराला दिवाणी न्यायालय हुकूमनामा देत नाही. परवाना आहे का, हे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात लेखी विचारा. नसेल तर तिथेच तक्रार द्या, आणि तक्रारीत कोऱ्या चेकचे क्रमांक लिहा. बँकेला ते चेक थांबवायची सूचनाही द्या. सावकार ते चेक भरून वटवायला टाकू शकतो आणि चेक न वटल्याचा फौजदारी खटला करू शकतो. अशा खटल्यांना दिवाळखोरीची अंतरिम स्थगिती थांबवत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्याच्या वकिलाची नोटीस आली तर १५ दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे.

क्रेडिट कार्डांबद्दल फार बोलायला नको. ती विनातारण कर्जं आहेत, योजनेत येतात, आणि वसुली एजंटने सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फोन आला की वेळ लिहून ठेवा.

मित्राने बहुधा अमेरिकेतल्या कुणाकडून ऐकलं असेल. तिथेही दिवाळखोरीचा कायदा घटनेनेच देशभर एकसारखा ठेवला आहे, पण दिवाळखोराकडे घर आणि वस्तू किती राहू द्यायच्या हे बरंचसं राज्यांवर सोडलं आहे. टेक्सास आणि फ्लोरिडा राहत्या घराला फार मोठं संरक्षण देतात, म्हणून लोक तिकडे जाऊन अर्ज करायचे. ते रोखायला २००५ मध्ये ७३० दिवसांच्या वास्तव्याची अट आली. कॅनडातही दिवाळखोरी केंद्राची आणि जप्तीतून सूट बरीचशी प्रांतांची. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्तीतून सुटणाऱ्या वस्तूंची यादी आहे, भांडी, कपडे, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याचं घर, आणि काही राज्यांनी तिच्यात आपापली भर घातली आहे. पण तुमच्यासाठी मंच कंपनीच्या पत्त्यावरून ठरणार, आणि १९२० च्या कायद्यात अर्जदार जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयावरून. भाड्याची खोली घेऊन पत्ता बदलल्याने हाती काही लागणार नाही.

घर पत्नीच्या नावावर करू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतो. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत फुकट किंवा कमी किमतीत केलेलं हस्तांतरण संहिता आणि १९२० चा कायदा या दोन्हींखाली रद्द होऊ शकतं, आणि रद्द झालं की तुमच्याबद्दलचा संशय प्रत्येक सुनावणीत सोबत येतो. त्यापेक्षा हे तपासा: घर कुणाकडे गहाण आहे का? नसेल, तर संहितेत ठरावीक किमतीपर्यंतचं एक राहतं घर, धंद्याची अवजारं आणि विमा यांना संरक्षण आहे. गहाण घराला ते नाही. पत्नी कुठल्याही कर्जात सहकर्जदार किंवा जामीनदार नसतील तर त्यांच्या कमाईची आणि स्त्रीधनाची मालमत्ता त्यांचीच राहते.

मुलीबद्दल. वडिलांचं कर्ज मुलांना वारसाने मिळालेल्या मालमत्तेपुरतंच भोवतं, त्यांच्या स्वतःच्या कमाईला हात लागत नाही. नादार घोषित झालेल्या माणसाला मुक्ती मिळेपर्यंत कंपनीचा संचालक होता येत नाही, आमदार-खासदार होता येत नाही. ही बंधनं तुमची, तिची नाहीत. ती मोठी असेल तर तिच्यापासून हे लपवू नका. नोटिसा घरीच येतात, आणि अर्धवट कळलेली गोष्ट जास्त घाबरवते.

या आठवड्यात एक तक्ता करा. प्रत्येक कर्जापुढे चार रकाने: कुणाचं, तारण काय, जामीन किंवा चेक काय दिला, आणि आलेल्या नोटिशीची तारीख. तीन वर्षांचे हिशेब, जीएसटी विवरणपत्रं, जामीनकीच्या कराराची प्रत सोबत ठेवा. ती प्रत नसेल तर बँकेकडे लेखी मागा. जामीन नेमका किती रकमेपर्यंत आहे ते त्यात लिहिलेलं असतं, आणि नोटिशीतला आकडा त्यापेक्षा मोठा असेल तर उत्तरातली पहिली हरकत तीच घ्या. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथली उत्पन्नाची मर्यादा राज्य सरकार ठरवतं, चौकशी करायला पैसे लागत नाहीत. वकील निवडताना मात्र त्यांनी जामीनदाराचं प्रकरण एनसीएलटीत चालवलं आहे का, हे स्पष्ट विचारा, आणि मेहुण्यांच्या वकिलांना तुमचंही काम देऊ नका, कारण कंपनीकडून वसुली मागायचा तुमचा हक्क आणि त्यांच्या अशिलाचं हित पुढे एकमेकांसमोर उभं राहू शकतं.